शेवटच्या रकान्यातली चार बोटं

मी पुरस्कार बोलतोय. दचकू नका. वीतभर पितळ आणि खाली लाकडी पाट, एवढाच माझा जीव. कारागिराने मला घासून घासून असं लख्ख केलं, की मीच स्वतःला सोन्याचा समजू लागलो. माझ्यावर कोरलंय, ‘अभ्यासावर न थांबता लोकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संशोधिकेस’. खाली बाईंचं नाव, चांगलं ठसठशीत.

बाई म्हणजे आमच्या प्राध्यापिका. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याच्या कारखान्यात राबणाऱ्या चाळीस बायकांचं रक्त त्यांनी तपासलं. अहवाल लिहिला, आणि नुसता लिहून गप्प बसल्या नाहीत. त्या बायकांबरोबर फाटकासमोर उन्हात ठाण मांडून बसल्या. शेवटी कारखान्याला धूर ओढणारे पंखे बसवावे लागले, औषधपाणी द्यावं लागलं. मग सभागृह, हार, टाळ्या आणि मी. काय माझी ऐट त्या दिवशी!

घरी आल्यावर बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. म्हटलं, अहो, हे काय? लोक तर पाहुण्यांना दिसेल असं ठेवतात. पण पितळेचं कोण ऐकतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बाईंनी एक जुना टेप लावला, अभ्यासाच्या वेळी घेतलेल्या मुलाखतीचा. एका बाईने आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाली, “बाई, माझं नाव कुठे येणार नाही ना? घर माझ्याच पगारावर चालतं हो.”

“नाही येणार. शब्द देते,” आमच्या बाईंचा आवाज.

“मग लिहा बिनधास्त!” आणि ती हसली. मोकळं, खळखळून.

रोज चारला हेच. नावं फुटू नयेत म्हणून अहवालात प्रत्येकीला नंबर दिला होता, नावांची यादी कुलपात होती. ही सतरा नंबर.

एकदा साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, वैतागले. “अगं, पुरे आता! तुझ्यामुळे एकोणचाळीस जणींना औषध मिळालं.”

“आणि चाळिसावीचं मी तोडलं,” बाई म्हणाल्या. “नाव लपवलं, गाव लपवलं. आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात, इतर निरीक्षणे म्हणून, काय लिहिलं? डाव्या हाताला चार बोटं. व्यवस्थित ना मी फार!”

मालकाने अहवाल चाळला. चार बोटांची बाई कारखान्यात एकच, ही सतरा नंबर. दुसऱ्या दिवशी तिला फाटकाबाहेर काढलं. औषध सुरू झालं ते आत असलेल्यांना. दीड वर्षात तिची मूत्रपिंडं गेली, मग तीही गेली.

हे ऐकलं आणि माझी चमक मलाच टोचायला लागली. त्या घरात भूत नव्हतं. भूत परवडलं असतं, त्याला निदान उतारा तरी असतो. बाई दूधवाल्याशी बोलतानाही त्याच्या डाव्या हाताची बोटं मोजायच्या. चार वाजायला आले की मला भिंतीतूनच ते हसणं ऐकू यायचं, टेप लावायच्या आधीच. खोटं नाही सांगत, मी घाबरायचो.

मग एका दुपारी सतरा नंबरची मुलगी आली. आता शाळेत शिकवते. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, “आईचा आवाज आहे म्हणे तुमच्याकडे. मला हवाय.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. टेप दिला तर बाईंनी दिलेला तो शब्दही तिच्या कानावर जाणार. नाही दिला तर लेकीला आईचा आवाज कायमचा नाही. बाईंनी बटण दाबलं.

मुलीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “ते हसणं परत लावा.” तीन वेळा लावायला लावलं. घरी आई शेवटी शेवटी हसतच नव्हती म्हणे.

“ती चार बोटं मी लिहिली,” बाई कशाबशा बोलल्या. “चूक माझी आहे.”

“माहीत आहे. आईलाही माहीत होतं.” मुलगी टेप पिशवीत ठेवत म्हणाली. “मालकाने विचारलं होतं, आणखी कोण कोण बोललं? एकीचं नाव सांग, काम परत देतो. तिने एकही सांगितलं नाही.”

बाई मला उचलून तिच्यापुढे करू लागल्या. “हा तिचा आहे. घेऊन जा.”

“आम्ही काय करू याचं? तुमचाच आहे तो.” तिने मला बाईंच्या हातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं, तोंड खोलीकडे करून. “असा ठेवा. दिसू दे.”

तेव्हापासून मी असाच आहे. पितळ काळवंडलंय, कुणी पुसत नाही. टेप गेला, तरी चार वाजता बाई खुर्चीत येऊन बसतात, आणि हसणं आम्हा दोघांनाही ऐकू येतं.

तुम्ही कधी या घरी आलात तर मला बघून टाळ्या वाजवू नका, एवढं ऐका. तिचं नाव विचारू नका. मला ते पाठ आहे, टेपवर रोज पहिलं तेच यायचं. पण मी सांगणार नाही. दिलेला शब्द या घरात कुणीतरी पाळायला हवा.