बाहेर ठेवलेला हात

"पन्नाशीत एम.ए. करून जज्ज होणारेस का गं?" घेवड्याच्या सुपात मक्याचा पाव कुस्करत होबार्टने बायकोला डिवचलं.

"जज्ज कशाला? प्रोबेशन ऑफिसर. सुटलेल्या कैद्यांवर ऑफिसातून लक्ष ठेवायचं. खुर्ची मिळेल, खिडकी मिळेल. दारांतून डोकावणं सुटेल एकदाचं."

व्हर्लीन केंटकीच्या डोंगरांतल्या तुरुंगात पहारेकरी होती. फौजदारी न्यायाची पदव्युत्तर पदवी ती घरबसल्या, ऑनलाइन घेत होती. दर आठवड्याला प्राध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि इतरांच्या उत्तरांवर मत द्यायचं. बहुतेक जण 'छान मांडलंत' एवढं खरडून मोकळे होत. तीही तेच करी.

या आठवड्याचं प्रकरण तिने उघडलं आणि हातातला चमचा खाली ठेवला. कोठडीत कैदी पांघरुणाखाली मेलेला. नावगाव गाळलेलं होतं. पण कोठडी तिच्याच पहाऱ्यातली, आणि 'पहारेकरी' म्हणजे तीच. चौकशीत ती निर्दोष सुटली होती. फेरीत कैद्याच्या अंगाची कातडी दिसली पाहिजे हा नियम, आणि हात दिसला होता. तिने कोरडेपणाने लिहिलं, 'नियम पाळला गेला. पहारेकऱ्याचा दोष नाही.'

खाली ओपल नावाच्या कुणा विद्यार्थिनीचं मत आलं. 'डोक्यावरून पांघरूण घेतात आणि हात मुद्दाम बाहेर ठेवतात. म्हणजे तुम्ही दार वाजवून उठवत नाही.'

व्हर्लीनने ती ओळ पुन्हा वाचली. ही रीत कुठल्याच पुस्तकात नव्हती, ती कैद्यांना आणि पहारेकऱ्यांनाच ठाऊक. आणि 'तुम्ही'? आपण तुरुंगात काम करतो हे तिने वर्गात कुणाला सांगितलंच नव्हतं.

थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. 'डावाच हात होता ना?'

डावाच होता.

शेवटच्या तोंडी परीक्षेला प्राध्यापकांनी नेमकी या दोघींची जोडी लावली. "बरं नाही म्हणून कळव," सगळं ऐकून होबार्ट म्हणाला. पण परीक्षा चुकली तर पदवी गेली, आणि पुन्हा ती दारं. शनिवारी सकाळी ती कॅमेऱ्यासमोर बसली.

ओपलच्या चौकटीत चेहरा नव्हता. नुसतं टेबल, आणि त्यावर एक डावा हात.

"मी शाळेच्या ग्रंथालयात कामाला असते," थकलेला आवाज आला. "माझा लेक फोनवर सांगायचा, 'मम्मा, डावा हात बाहेर ठेवला की निजू देतात गं.' तो गेला. त्या रात्री कोठडी कोण बघत होतं, ते कुणी सांगेना. तुमची उत्तरं वाचत गेले नि वाटलं, हे दारातून बघितलेल्या माणसानंच लिहिलंय. बाई, तुम्हीच होता ना?"

"ओपल, विषयाला धरून बोला," प्राध्यापक चुळबुळले.

'हो' म्हटलं तर मिटलेली चौकशी पुन्हा उघडली असती; 'नाही' म्हटलं की पदवी पदरात होती. व्हर्लीनला ती फार हवी होती.

"होते," ती म्हणाली. "हात दिसला. श्वास चालतोय का, ते नाही बघितलं. पुढे गेले."

टेबलावरचा हात हलला नाही. चित्र गोठलं होतं की ती बाई, कळेना.

"झालं का गं?" होबार्टने स्वयंपाकघरातून विचारलं.

व्हर्लीन पडद्यापाशी वाकली आणि त्या हाताकडे बघत राहिली. तो हलेपर्यंत ती तिथून उठणार नव्हती.