ढब्बूचे मालक

जनावरांच्या दवाखान्याच्या नोंदी संगणकावर आणायचं काम मला मिळालं होतं. तिथल्या फळ्यावर मी दोन चौकोन काढले. एकात लिहिलं ‘प्राणी’, दुसऱ्यात ‘मालक’. ही माहितीची दोन टेबलं, म्हणजे तक्ते. मधे रेघ ओढली आणि तिच्या दोन्ही टोकांना तीन बोटांचा पंजा काढला.

“हे काय, कोंबडीचे पाय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पंजा म्हणजे अनेक. एका मालकाचे अनेक प्राणी, आणि एका प्राण्याचे अनेक मालक. दोघांना जोडायला मधे तिसरं टेबल लागेल, एवढंच.”

“मालकाकडचा पंजा पुसा. एक प्राणी, एक मालक. फोन कोणाला करायचा यावरून घोळ नको. माझ्या वडिलांच्या वेळेपासून असंच चालत आलंय.”

चालत आलंय हे मला चांगलंच माहीत होतं. म्हणून तर माझं डोकं तडकलं.

याच दवाखान्याच्या बाकावर दादा आणि मी ढब्बूला मधे घेऊन बसायचो. कुत्रा कसला, उशीच होती ती! सुई दिसायच्या आधीच केकाटायचा, आणि दादा म्हणायचा, “तुझ्यावर गेलाय.” आईबाबा वेगळे झाले तेव्हा दादा आणि ढब्बू बाबांकडे राहिले, मी आईबरोबर गेले. रविवारी मात्र आम्ही तिघं भेटायचो. काय सुखाचे रविवार होते ते! मग एका बुधवारी ढब्बू इथे आला तो शेवटचाच. दवाखान्याने मालकाला, म्हणजे बाबांना, फोन केला. तो गेल्याचं मला रविवारी कळलं. दादाला वाटलं होतं, बाबांनी सांगितलं असेल. मी त्याच्याशी अबोला धरला, आणि मोठेपणी तो कामापुरत्या बोलण्यावर येऊन थांबला.

“पंजा राहणार,” मी म्हणाले. “नाहीतर दुसरं कोणीतरी शोधा.”

बाईंनी हात जोडले. “बरं बाई, राहू दे. पण चालतंय का ते आधी दाखवा.”

काम झाल्यावर मी दाखवायला बसले. प्राणी दाखल झाला की त्याच्या सगळ्या मालकांना निरोप जाईल, अशी सोय केली होती. चाचणीसाठी एक प्राणी हवा होता. हातांनी आपसूक ‘ढब्बू’ लिहिलं. मालक म्हणून दादा आणि मी, नंबरही आमचेच. बटण दाबलं.

माझा फोन वाजला. ‘ढब्बू दवाखान्यात आहे. भेटायला या.’

हाच निरोप दादालाही गेला असणार, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. चुकून गेला म्हणून कळवायला मी फोन उचलला. तेवढ्यात त्याचाच फोन.

“तुलाही आला ना निरोप?” दादाने विचारलं.

“आला. मी दवाखान्यातच आहे.”

“मग थांब तिथेच. मी निघालोय.”