सतराव्या प्रश्नाचा समास

खुर्ची आधी कपाटावर आपटली आणि तिथून उसळून खिडकीला लागली. काच फुटली. तुकडे टेबलावर, फायलींवर, पाण्याच्या बाटलीवर सांडले, आणि एक बाईंच्या मनगटाला चाटून गेला. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजायला घेतल्या होत्या आणि त्या अकरापर्यंत आल्या होत्या.

"दगड?" गॅरेजवाला ओरडला. "माझ्या पोरीला दगड म्हणून लिहून देता? वर शाळेचा शिक्का मारून?"

त्याच्या मुठीत पिवळं कार्ड चुरगळलं होतं. काल संध्याकाळी गॅरेजात एका गिऱ्हाइकाने ते पोरीच्या दप्तरातून उचलून मोठ्याने वाचलं होतं आणि चारचौघं खो खो हसली होती. त्यानंतर घरी काय झालं ते पोरीच्या तोंडावर दिसत होतं. खालचा ओठ सुजून टम्म झाला होता आणि डाव्या कानाच्या पाळीशी रक्त वाळलं होतं. ती दाराशी भिंतीला पाठ लावून ताठ उभी होती. अंगाने काडी आणि जिथे टोचाल तिथे उभी, म्हणून वर्गातली पोरं तिला टाचणी म्हणायची.

बाई शाळेच्या समुपदेशक. पोरांनी त्यांचं नाव स्वभावबाई पाडलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाकडून त्या चाळीस प्रश्नांची चाचणी सोडवून घेत आणि त्यावरून चारांतला एक स्वभाव पिवळ्या कार्डावर लिहून देत. झरा, वारा, विस्तव, नाहीतर दगड. झऱ्याने चारजणांत बसून अभ्यास करावा आणि शिकवण्याच्या पेशाकडे जावं. वाऱ्याने येरझाऱ्या घालत पाठ करावं, त्याला बसून करायची नोकरी मानवायची नाही. विस्तवाला घड्याळ लावून द्यावं. आणि दगडाने एकट्याने, एका जागी, लांबलचक बैठक मारावी. चाचणी बाईंनी स्वतः बसवली होती, अकरा वर्षांपूर्वी. स्टाफरूममध्ये तिची थट्टा व्हायची, गणिताचे सर चिडले की "विस्तव पेटला रे" असं कोणीतरी म्हणायचंच, पण प्रवेशाच्या दिवसांत हेच शिक्षक आपापली पोरं घेऊन बाईंच्या दारात यायचे.

"तुम्ही बसा आधी," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. त्यांचा आवाज नेहमीच शांत असायचा, त्याबद्दल त्यांचं कौतुक व्हायचं. "दगड ही शिवी नाही हो. चारांतला सगळ्यात भक्कम स्वभाव आहे तो. कितीही गोंधळ होवो, हा माणूस डगमगत नाही. तक्रार करत नाही. म्हणून तर तिचं नाव मी प्रयोगशाळेच्या कोर्ससाठी पाठवलं. दोन वर्षं, वसतिगृहासकट. सहाशे मुलांतून बारा घेतली, त्यात तुमची आहे. फक्त तुमची सही राहिलीय. आज चारच्या आत कागद गेला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते."

टेबलावर तो कागद होता. खाली रेघ, रेघेखाली छापलेलं: पालकाची सही. बाईंनी त्यावरचा काचेचा चुरा पुठ्ठ्याच्या कडेने बाजूला केला. घड्याळात अडीच वाजले होते.

"सही?" गॅरेजवाला हसला. "दगडाला कोण शिकवतं? माझ्याकडे पार्ट धुवायला माणूस नाहीये. उद्यापासून रॉकेलच्या टबाशी बसवतो हिला. तिथे बसेल एका जागी, लांबलचक."

टाचणीची नजर त्या कागदावर होती आणि तिने श्वास धरून ठेवला होता. बाईंनी हे पाहिलं. पोरीला हा कोर्स हवा होता. घरातून बाहेर पडायची एवढीच एक वाट तिला सापडली होती, आणि ती या माणसाच्या सहीतून जात होती.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा कार्डावर विश्वास नाही ना? उत्तरंच दाखवते. तिच्या हातची."

इथे त्यांचं चुकलं.

त्यांची तपासायची पद्धत अशी होती. एका जाड पुठ्ठ्याला त्यांनी लोखंडी पंचिंग मशीनने भोकं पाडली होती. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवला की भोकांतून फक्त खुणा दिसत, अ, आ, इ की ई. त्या मोजायच्या, ई जास्त आल्या की दगड. एका मुलाला दोन मिनिटंही लागत नसत. बाकीचा कागद पुठ्ठ्याखाली झाकलेला राही आणि अकरा वर्षांत बाईंनी तो कधी पाहिला नव्हता.

आज त्यांनी पुठ्ठा न लावताच कागद हातात घेतला आणि कोर्टात पुरावा वाचावा तशा वाचायला लागल्या.

"हा बघा सतरावा प्रश्न. अचानक मोठा आवाज झाला, कोणी अंगावर धावून आलं, तर तुम्ही काय करता? अ, उलट उत्तर देते. आ, रडते. इ, तिथून निघून जाते. ई, न हलता उभी राहते. तिने ई वर खूण केलीय. आणि पुढे समासात लिहिलंय, हललं की जास्त लाग..."

बाई थांबल्या. पण वाक्य अर्ध्याहून जास्त बाहेर पडलं होतं, आणि उरलेलं काय आहे ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

समासात अजूनही होतं. बारीक, पेन्सिलीने, सगळ्या प्रश्नांपुढे. अभ्यासाला कुठे बसायला आवडतं? एकटीला, कोपऱ्यात. पुढे समासात: पाठीमागे भिंत लागते. दुसऱ्यांना तक्रार सांगता का? नाही. समासात: सांगितलं की आईला मार बसतो. पोरगी चाळीस वेळा ओरडली होती आणि बाईंनी त्यावर पुठ्ठा ठेवून बेरीज केली होती. वर शिफारसपत्रात लिहिलं होतं, अत्यंत संयमी.

आणि मघाशी खुर्ची आली तेव्हा आपण काय करत होतो? फरशा मोजत होतो. बाईंना आपल्या वडिलांच्या घरातल्या फरशा आठवल्या. स्वयंपाकघराच्या दारापासून मोरीपर्यंत चौदा होत्या. दगडाचं वर्णन लिहिताना त्यांनी डोळ्यांसमोर स्वतःलाच ठेवलं होतं, आणि फार अभिमानाने लिहिलं होतं. त्यांना स्वतःची अशी शरम वाटली की कानशिलं तापली.

"घरातलं शाळेत लिहितेस?"

गॅरेजवाला आता ओरडत नव्हता, आणि ते जास्त भयंकर होतं. तो तीन पावलांत दाराशी गेला, टाचणीची वेणी डाव्या हाताला गुंडाळली आणि तिला टेबलापाशी ओढत आणलं. काच त्याच्या बुटांखाली करकरत होती.

"कुठल्या हाताने लिहिलंस? हां? या?"

"बाबा, नाही... बाबा..."

त्याने तिचं कपाळ टेबलावर आपटलं. टेबलावरची बाटली उडाली. तोल सावरायला त्याने उजवा पंजा कागदावर पसरून रोवला होता, नखांत काळं ग्रीस भरलेला रुंद पंजा, आणि डाव्या हाताने तो वेणी पुन्हा वर खेचत होता. टाचणी हातपाय सैल सोडून होती. ती विरोध करत नव्हती. न हलता.

बाईंनी टेबलावरचं पंचिंग मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि त्या पंजावर घातलं.

लोखंड होतं, चांगलं दोन किलोचं. आवाज सुका आला, वाळकी फांदी मोडल्यासारखा. गॅरेजवाल्याने हात ओढून घ्यायच्या आत बाईंनी दुसऱ्यांदा घातलं. हे दुसऱ्यांदा घालायची गरज नव्हती. ते त्यांनी स्वतःसाठी घातलं, आणि त्या क्षणी त्यांना ते ठाऊक होतं.

गॅरेजवाला गुडघ्यांवर बसला. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून शिपाई धावत आला आणि दारातच थिजला. त्याच्यामागून मुख्याध्यापक आले. त्यांनी काच बघितली, पोरीचं कपाळ बघितलं, बाईंच्या हातातलं मशीन बघितलं.

"अहो बाई! हे काय करून बसलात?"

"पोलिसात देतो!" गॅरेजवाला कण्हत म्हणाला. हात त्याने पोटाशी धरला होता आणि दोन बोटं भलतीकडेच वळली होती. "नोकरी घालवतो हिची! बघतोच मी!"

"द्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता. असा थरथरलेला त्यांनी तो बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. "मी इथेच बसलेय. येताना त्यांना ही उत्तरपत्रिकाही वाचायला सांगा. समासासकट."

मुख्याध्यापकांनी शिपायाला खूण केली. दोघांनी मिळून गॅरेजवाल्याला उठवलं आणि दवाखान्यात न्यायला बाहेर काढलं. त्याच्या शिव्या जिन्यापर्यंत ऐकू येत राहिल्या.

टाचणी टेबलाची कडा धरून उभी होती. कपाळावर भलंमोठं टेंगूळ आलं होतं. बाईंनी आपला रुमाल बाटलीतल्या उरल्यासुरल्या पाण्यात भिजवून तिच्या कपाळाला लावला. पोरगी दचकली, मग थांबली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "बाबा उजव्या हातानेच सही करतात."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. रेघ मोकळी होती. रेघेच्या अलीकडे रक्ताचे दोन थेंब होते. घड्याळात तीनला दहा कमी. म्हणजे आपण तिची वाट मोकळी करायला गेलो आणि तिच्यावरच दगड लोटला! बाईंना हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम यायला लागल्यावर त्या खुर्चीत मटकन बसल्या.

"माझी अक्कलच..." त्या म्हणाल्या. "माफ कर गं. माफ कर मला."

तेवढ्यात दारात कोणीतरी उभं असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

टाचणीची आई. ती नवऱ्याबरोबर आली होती. "तू बस बाहेर," असं म्हणून त्याने तिच्या मांडीवर आपलं हेल्मेट ठेवलं होतं आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. खुर्ची फेकली तेव्हा ती बसूनच होती. काच फुटली, पोरीचं डोकं आपटलं, तेव्हाही. आता हेल्मेट दोन्ही हातांत धरून ती उंबऱ्याच्या अलीकडे उभी होती आणि आत यावं की नाही याचा विचार करत होती.

"आई, तू त्यांच्याबरोबर जा," टाचणी घाईने म्हणाली. "नाहीतर परत..."

आई आत आली. काचा टाळत, पाय जपून टाकत टेबलापर्यंत आली. हेल्मेट ठेवायला तिने जागा शोधली आणि शेवटी ते खाली जमिनीवर ठेवलं. मग वाकून तिने तो कागद वाचला. बोट प्रत्येक ओळीखालून फिरवत, सावकाश, शेवटच्या रेघेपर्यंत.

"पालक," ती म्हणाली. "वडील असं नाही लिहिलेलं."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी हा कागद शंभर वेळा भरून घेतला होता.

"पालक म्हणजे मी चालते का, मॅडम?"

"चालता," बाई म्हणाल्या. "चालता की! कायद्याने चालता."

"मग पेन द्या."

तिने सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं काढून, आणि शेवटी वर रेघ मारताना हात इतका दाबला की कागद थोडा फाटला. "बरेच दिवसांनी करतेय," ती ओशाळून म्हणाली. टाचणी आईच्या हाताकडे बघत होती, जणू तो हात तिने पूर्वी कधी बघितलाच नव्हता.

"वसतिगृहात आजच जाता येईल हिला?" आईने विचारलं. "कपडे नंतर पाठवते. आज घरी नको."

"मी स्वतः सोडते तिला," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

आईने टेबलावरची उत्तरपत्रिका उचलली होती आणि समासातली बारीक अक्षरं वाचत होती. एका ठिकाणी तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग तिने कागद होता तसा ठेवला आणि शेजारच्या कोऱ्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"यातला एक मला पण द्याल का, मॅडम? बघू तरी माझा काय निघतो."

बाईंनी गठ्ठ्यावरचा काचेचा चुरा झटकला. वरचा कागद काढला, पेन उघडलं, आणि सतराव्या प्रश्नाखाली, ई च्या खाली, पाचव्या पर्यायाचं अक्षर लिहिलं. उ. त्याच्यापुढे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी ती जागा मोकळीच ठेवली आणि कागद आईपुढे सरकवला.