न पाहिलेल्या पिक्चरचं मत

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घाटकोपरच्या चाळीत नळावर मला एकच प्रश्न असायचा. "दशरथदादा, बघण्यासारखा आहे का?" मी हो म्हटलं की रविवारी अर्धी चाळ टॉकीजला. नाही म्हटलं की त्या दिवशी घरोघरी मटण. गिरणीत होतो तेव्हा हा मान मी कमावलेला होता. पहिल्या दिवशी, पहिला शो, केसांत कापूस तसाच. बारा वर्षांत शुक्रवार चुकवला नाही. आमचं लग्नसुद्धा शुक्रवार टाळून ठरवलं, असं माझी बायको विमला अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

मग संप झाला आणि गिरणी गेली. पिक्चरमध्ये हिरो एका भाषणात संप जिंकतो, मालक पाया पडतो, वर नाचगाणं. आमचा संप कधी मिटला ते अजून कोणी येऊन सांगितलेलं नाही. आता पंच्याऐंशी साल आहे आणि मी विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. शुक्रवारचा शो सुटला तो सुटलाच. पण नळावरचे लोक विचारायचे थांबले नाहीत, आणि "बघितला नाही" म्हणायला माझी जीभ रेटेना.

म्हणून मी एक युक्ती काढली. शुक्रवारी सहाला, भाजी आणायच्या निमित्ताने, टॉकीजच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि सुटणारा शो बघायचा. पडद्यावरचा नाही, फाटकातून बाहेर पडणारा. लोक मुकाट बसस्टॉपकडे चालू लागले की पिक्चर पडला. बाहेर येऊनही घोळक्याने थांबले, एखादा दुसऱ्याची कॉलर धरून फायटिंग करून दाखवायला लागला की पंचवीस आठवडे नक्की. मग पोस्टरवर नजर टाकायची. म्हातारी, देऊळ, पांढऱ्या कोटातला व्हिलन, शेवटी रिकाम्या पिंपांचं गोडाऊन. मत तयार. तीन वर्षांत एकदाही चुकलो नाही. याचा आनंद व्हायला हवा होता. मला नुसता कंटाळा आला. बारा वर्षं मी काय बघत होतो, असं वाटायचं.

एका शुक्रवारी नळावर मत देऊन घरी आलो, तर सुगंधा माझ्या दारात आली. ती आणि तिचा नवरा लवू आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. त्यांचा बाबल्या दोन वर्षांपूर्वी गेला. सहा वर्षांचा होता, तीन दिवसांचा ताप. तेव्हापासून सुगंधा बाजार आणि नळ सोडून कुठे गेली नव्हती.

"हे म्हणतात, रविवारी पिक्चरला जाऊया," ती म्हणाली. "बाल्कनीची तिकिटं काढलीत. दादा, मला एवढंच सांगा. त्यात पोर मरत नाही ना?"

"छे गं!" मी म्हटलं. "नुसती हाणामारी आहे. बिनधास्त जा."

इतकं सहज बोललो की माझं मलाच खरं वाटलं. रात्री जेवताना मात्र आठवलं. त्या दिवशी फाटकातून निघालेल्या बायका डोळे पुसत होत्या. मी ते बघितलं होतं आणि म्हातारीच्या खात्यावर टाकून दिलं होतं. पिक्चरमध्ये म्हातारी मरतेच. पण पोर? शनिवारभर गेटवर उभा राहून मी तोच विचार केला. कोणाला विचारावं तर कोणाला? सगळी चाळ मलाच विचारते.

रविवारी मी बाराच्या शोला पहिल्या रांगेत जाऊन बसलो. तीन वर्षांनी पडद्यासमोर बसत होतो. दीड तास काही झालं नाही. म्हातारी धडधाकट, हिरो ट्रक चालवतोय, हिरॉइन रुसलीय. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात हिरोचा मुलगा हातात भिरभिरं घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरायला लागला. खाली पांढऱ्या कोटवाला उभा होता. थिएटरभर लोक हुंदके देत होते आणि मी दोन हातांनी खुर्ची धरून बसलो होतो. मला माझीच शिसारी आली.

तीनला बाहेर आलो तर लवू आणि सुगंधा फाटकाशीच. लवूने शर्टाला इस्त्री केली होती. सुगंधाच्या केसांत अबोली होती. त्यांच्यामागे आमच्याच चाळीतल्या वनमालाबाई, सगळ्या कुटुंबासकट, माझ्याच शब्दावर आलेल्या.

"सुगंधा, मी खोटं बोललो," मी म्हटलं. "मी हा पिक्चर बघितलाच नव्हता. तीन वर्षांत एकही बघितलेला नाही. पोर मरतं यात."

वनमालाबाईंनी तोंडावर हात ठेवला. लवूचा चेहरा लाल झाला. "दादा, तुमच्या भरवशावर आणली हो हिला. काय केलंत हे!"

मी मान खाली घातली. सुगंधा मात्र रागावली नाही. तिने नवऱ्याच्या शर्टाकडे बघितलं, मग मला विचारलं, "कधी मरतो?"

"इंटरव्हलच्या आधी. तो भिरभिरं घेऊन देवळातून निघाला की ऊठ आणि बाहेर ये."

"तुम्ही थांबाल बाहेर?"

"थांबतो."

बाल्कनीच्या दाराबाहेर एक बाकडं होतं. दीड तास मी तिथे बसून राहिलो. आतून टाळ्या ऐकू येत होत्या, शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि कुठल्या जागेला काय आहे हे आता मला ठाऊक होतं. मग दार ढकलून सुगंधा बाहेर आली. एकटीच.

"लवू कुठाय?"

"आत. मीच म्हटलं, तुम्ही बसा." ती बाकड्याच्या टोकाला टेकली. आत गोळी सुटली आणि मग सगळं गप्प झालं. "त्याची आई किती रडते?"

"एक गाणं."

"मग?"

"मग इंटरव्हल. नंतर हिरो बंदूक घेतो आणि कोणाला वेळ नसतो."

"एका गाण्यात उरकलं तिचं," सुगंधा म्हणाली. "खोटारडे मेले."

बारा वर्षांत नळावर मी इतकं खरं मत कधी दिलं नव्हतं. मी तसं म्हणणार होतो, पण आत गाणं सुरू झालं आणि ती दाराकडे बघत राहिली.

"दादा, केवढं आहे हे गाणं?"

"असेल पाचेक मिनिटांचं."

"अजून मोठं पाहिजे होतं," ती हळूच म्हणाली. "हे घरी कधी रडले नाहीत. हॉस्पिटलातसुद्धा नाहीत. मी कोसळेन म्हणून. आत काळोख आहे, सगळेच रडतायत. पाच मिनिटांत ह्यांचं काय होणार?"

गाणं संपलं, दिवे लागले, दारं उघडली. लोक नाकं पुसत वड्यांच्या स्टॉलकडे धावले. वनमालाबाई आमच्याकडे न बघता पुढून गेल्या. त्या गर्दीत लवू नव्हता.

पुन्हा घंटा झाली. लोक आत गेले. मी उठलो आणि सुगंधाला म्हटलं, "जा आता. पुढे काही नाही, नुसती हाणामारी आहे. ह्या वेळी बघून सांगतोय."

"जाते," ती म्हणाली, पण उठली नाही. "जरा थांबूया, दादा. त्यांना तोंड पुसू दे."