नर्तकीची नऊवारी

इंदिरानगरच्या मराठी मंडळात वसुमतीअक्का दर रविवारी मुलांना प्राचीन संस्कृतींची कला शिकवायच्या. अक्कांचं घराणं तीनशे वर्षं बेंगळुरात मुरलेलं. मंडळाची कमिटी मात्र कालपरवा पुण्याहून आलेली, कॉम्प्युटर कंपन्यांत नोकरी करणारी. ही मंडळी अक्कांचं कानडी मिसळलेलं मराठीसुद्धा सुधारायची. अक्का हसून सोडून द्यायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून या वर्गातच त्यांचा जीव होता.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मंडळानं वर्गाचं प्रदर्शन ठरवलं. पोरांचे पिरॅमिड थर्माकोलचे, आणि बनवलेले आईबापांनी! एका बाबांनी तर ऑफिसातून ममीचा रंगीत प्रिंटआउट आणून चिकटवला. स्वतःच्या हातानं काही केलं असेल तर ते आठ वर्षांच्या शाल्मलीनं. हेब्बाळच्या तळ्याकाठची चिकणमाती आणून पोरीनं मोहेंजोदारोची नर्तकी घडवली होती. कमरेवर हात, दंडभर बांगड्या, आणि चेहऱ्यावर ‘काय करायचं ते करा’ असा भाव. अक्कांना भरून आलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत असं काम त्यांनी पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी कमिटी पाहणीला आली. अध्यक्ष शरच्चंद्र नर्तकीपुढे थबकले.

"अक्का, हिच्या अंगावर काहीच नाही!"

"बांगड्या आहेत की."

"आय मीन, कपडे! फॅमिली क्राउड येणार उद्या."

"साडेचार हजार वर्षं ती अशीच उभी आहे, अण्णा. अजून कुणी तक्रार केली नाही."

झालं! तातडीची बैठक बसली. नर्तकी हटवता येईना, कारण पत्रिकेवर तिचं नाव छापलेलं. मग तिला नेसवायचं काय? कमिटीतल्या वासंतीताई म्हणाल्या, नऊवारी. खजिनदार म्हणाले, कर्नाटकात राहतो आपण, म्हैसूर सिल्क शोभेल. दीड तास वाद झाला, दोनदा चहा झाला, आणि सात विरुद्ध चार मतांनी नऊवारी जिंकली. दिवसभर कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा पगार घेणारी माणसं ही, आता काय बोलायचं!

"त्या पोरीला तरी विचारा स्वल्प," अक्का म्हणाल्या.

शरच्चंद्र गोड हसले. "तिला काय विचारायचं? आणि अक्का, रविवारी हा हॉल एरोबिक्सवाल्यांना हवाय. तुमच्यासाठी आम्हीच त्यांना थोपवून धरलंय."

अक्कांच्या तोंडावर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नेसवा."

दुसऱ्या दिवशी नर्तकी हिरव्या नऊवारीत उभी. नाकात नथसुद्धा! शाल्मली बघतच राहिली.

"अक्का, ही माझी नाही."

"तुझीच गं, बाळ," अक्का म्हणाल्या, पण तिच्याकडे न बघता.

प्रमुख पाहुणे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले कुणी मॅनेजर. नर्तकी पाहून ते गहिवरलेच. "बघा, मोहेंजोदारोतही आपल्या बायका काष्टा घालायच्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. एकाही शहाण्यानं तोंड उघडलं नाही, अक्कांनीही नाही. मग पाहुण्यांनी विचारलं, ही केली कुणी? शाल्मलीला पुढे ढकललं गेलं. तूच केलीस का गं, पाहुणे म्हणाले. तिनं अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी हळूच मान हलवली, हो म्हण. पोरगी हो म्हणाली आणि तिला बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली.

वर्ग वाचला. वाचला कसला, फोफावला! पुढच्या रविवारी चौदा नवी मुलं आली, आणि त्यांच्या आया जरीचे तुकडे घेऊन आल्या.

शाल्मलीही आली. तिनं घरून नवी बाहुली करून आणली होती. घोट्यापर्यंत लुगडं, डोक्यावरून पदर, सगळं मातीतच कोरलेलं. आया वाहवा करत भोवती जमल्या.

"अक्का, हिला मी आधीच नेसवलंय," शाल्मली म्हणाली. "आता चालेल ना?"

अक्कांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण सगळ्या आया त्यांच्याकडेच बघत होत्या.

"चालेल हं, बाळ," त्या म्हणाल्या. "आता चालेल."