उजव्या बाजूचं अस्तर

"खाली वाक," थोरली म्हणाली. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला इतकी सवय होती की ओठ न हलवता ती अख्ख्या घराला कामाला लावू शकत असे.

धाकटी गुडघे दुमडून अदबीने खाली झाली.

"तशी नाही. पडलेलं पेन उचलतेस तशी."

धाकटी कमरेतून वाकली आणि कोटाची मागची बाजू ताणली गेली. उजव्या कमरेवर, जरा मागे, पिस्तुलाची मूठ कापडाखाली उमटली. थोरलीने तिथे खडूची रेघ मारली आणि अजून दोन बोटं घेर लागेल असं जाहीर केलं.

"अजून? ताई, मी आधीच पोत्यासारखी दिसते."

"पोत्यात काय आहे ते कुणाला दिसत नाही. म्हणून तर शिवतेय."

धाकटी पोलिसात होती. गेली दोन वर्षं ती एका न्यायाधीशबाईंच्या संरक्षणाला होती. बाईंना एका खटल्यावरून धमक्यांची पत्रं आली होती. खात्याने रक्षक दिला, तेव्हा बाईंनी अट घातली की आपल्या मागे गणवेश दिसता कामा नये. जी कुणी येईल ती ऑफिसातल्या कारकुनासारखी दिसली पाहिजे. म्हणजे पट्ट्याला पिस्तूल, आणि वरून असा कोट की बघणाऱ्याला त्याचा वाससुद्धा येऊ नये. बाजारातले बायकांचे कोट तर कमरेत असे आवळलेले, जणू बायकांना कमरेला काही बाळगायचंच नसतं. धाकटी चार दुकानं पालथी घालून शेवटी थोरलीच्या मशीनपाशी येऊन बसली होती.

तेव्हापासून थोरलीने तिला सात कोट शिवून दिले होते. शिवता शिवता ती या विद्येत तयार झाली. साधा फिका रंग सगळी चुगली करतो आणि बारीक चौकडी सगळं पोटात घालते. पातळ कापड अंगाला चिकटतं, म्हणून उजव्या बाजूच्या अस्तराखाली बकरमची ताठ पट्टी लावायची, म्हणजे कापड मुठीवर न पडता तिच्यापासून लांब राहतं. वाऱ्याने कोट उडू नये म्हणून खालच्या कडेत शिशाचे चपटे तुकडे घालायचे. पट्ट्याच्या लुपा दुहेरी शिवायच्या, नाहीतर वजनाने पॅन्ट एका बाजूला लोंबते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ते उसवून उसवून शोधून काढलं होतं.

"काल मॅडमनी विचारलं," धाकटी आरशात बघत म्हणाली. "म्हणाल्या, इतके सैल असून तुझे कोट अंगावर नीट बसतात कसे. कुठून घेतेस."

थोरलीचा खडू थांबला. "मग?"

"मग काय. म्हटलं, आहे एक शिवणारी, ओळखीची."

थोरलीने तोंडातली शेवटची टाचणी काढून कापडाला लावली. ती कुठे लावली हे तिला नंतर आठवलं नाही.

तसं तिच्या पोटात दुखायला लागून पुष्कळ वर्षं झाली होती. पोलिसभरतीला आधी गेली होती ती थोरली. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि वाऱ्यासारखी पळायची. पडून राहिलं की उंची थोडी वाढते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आदल्या दुपारपासून ती जमिनीवर सरळ पडून राहिली आणि मैदानापर्यंत शेजाऱ्याच्या टेम्पोत आडवी होऊन गेली. धावण्यात ती पहिली आली. मग एका माणसाने तिच्या डोक्यावर लाकडी फळी टेकवली, मान तिरकी करून आकडा बघितला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. एक बोट कमी पडलं होतं.

सहा वर्षांनी धाकटी गेली. तिला पळायला शिकवलं थोरलीनेच. रोज सकाळी हातात घड्याळ घेऊन ती मैदानाच्या कडेला उभी राहायची. धाकटी धावण्यात तिसरी आली. उंचीचा प्रश्नच आला नाही. ती थोरलीपेक्षा चांगली तीन बोटं उंच झाली होती.

आता आई थोरलीकडे राहायची. थोरलीचा नवरा बस चालवायचा आणि घरी आला की प्रवाशासारखा गप्प बसून राहायचा, त्यामुळे बोलण्याचं सगळं खातं आईकडे होतं. माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ती भिंतीवरचा धाकटीचा गणवेशातला फोटो दाखवायची. माझी धाकटी जजबाईंच्या मागे पिस्तूल घेऊन उभी असते, म्हणायची. एकदा एका बाईने विचारलं, आणि ही तुमची थोरली का? आई म्हणाली, "ही होय, ही घरीच असते." मशीन चालू होतं. आईला वाटलं, आवाजात ऐकू गेलं नसेल.

धाकटी दर वेळी मापाला येऊ शकत नसे. म्हणून थोरलीने सुताराकडून पिस्तुलाच्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला होता. तो पट्ट्याला अडकवून ती पुतळ्यावर कोट बसवून बघायची. एका दुपारी आई झोपली असताना तिने तो पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला. वर धाकटीचा कोट चढवला, बाह्या एक घडी आत दुमडल्या, आणि पाव आणायला म्हणून बाहेर पडली. रस्ता रोजचाच होता. पण तिचे खांदे आपोआप मागे गेले, नजर समोरच्या प्रत्येकाच्या हातांकडे जाऊ लागली. फुटपाथवर घोळका करून उभ्या असलेल्या पुरुषांनी तिला वाट करून दिली. का दिली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी येऊन तिने पट्टा सोडला तेव्हा कंबर उघडी पडल्यासारखी वाटली. पाव आणायचा राहून गेला होता.

आणि अशा बाईला धाकटीने ओळखीची शिवणारी करून टाकलं होतं.

पुढच्याच महिन्यात धाकटी सुट्टीच्या दिवशी आली. एका कॉलेजात बक्षीस समारंभ होता. न्यायाधीशबाईंच्या हस्ते बक्षिसं द्यायची होती आणि धाकटीला स्टेजच्या कडेला सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं. तिने जरा लाजत विचारलं, "या वेळी कमरेत थोडा घेशील? एकदाच. सगळे नटून थटून येणार आणि मी आपली पोत्यात."

दोन वर्षं या विनंतीला थोरली एका शब्दात नाही म्हणत आली होती. या वेळी ती म्हणाली, "बघते."

तिने कपाटातून गर्द हिरवं मऊ कापड काढलं. ते तिने स्वतःसाठी ठेवलं होतं. कमरेत नेमकं घेतलं, खांदे असे बसवले की कोट उभा असतानाच चालल्यासारखा वाटावा. उजव्या बाजूच्या अस्तरापर्यंत आली तेव्हा बकरमची पट्टी कापून टेबलावर तयार होती. थोरलीने ती उचलली, थोडा वेळ बोटांनी वाकवून बघितली आणि खणात ठेवून दिली. ती लावली असती तर कमरेचा आकार बिघडला असता, हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिला ते सोपं गेलं.

धाकटी कोट घालून बघायला आली तीही सुट्टीच्याच दिवशी. पिस्तूल खात्यात जमा होतं. लाकडी ठोकळा हाताशी होता. थोरलीने तो काढला नाही. धाकटी आरशासमोर वळून वळून बघत राहिली. आई म्हणाली, आता शोभतेस.

समारंभाला थोरली गेली. कोट कसा बसलाय ते बघायला जातेय, असं तिने स्वतःला सांगितलं आणि हॉलमध्ये अगदी मागची खुर्ची धरली. स्टेजच्या डाव्या कडेला धाकटी उभी होती. इतकी देखणी ती कधीच दिसली नव्हती. थोरलीच्या शेजारची बाई सोबतिणीला म्हणाली, ती हिरव्या कोटातली बघ. थोरलीने मान उंच करून बघितलं. ते अभिमानाने की जळून, हे तिचं तिलाही कळलं नाही.

तिसऱ्या बक्षिसाच्या वेळी न्यायाधीशबाईंचा चष्मा खाली पडला. धाकटी पाठमोरी होऊन तो उचलायला वाकली. मऊ कापड मुठीवर घट्ट बसलं आणि दिव्यांच्या उजेडात सगळा आकार उमटला, होल्स्टरच्या कडेसकट. दुसऱ्या ओळीतल्या एका आईने मुलीला मांडीवर ओढून घेतलं. कुजबुज ओळीओळीने मागे सरकत आली. दोन कुटुंबं उठून दाराकडे गेली. कुणीतरी जाऊन धाकटीच्या कानाला लागलं.

धाकटीने चेहरा हलू दिला नाही. टेबलावरची एक जाड फाईल उचलून तिने उजव्या हाताने कमरेवर दाबून धरली आणि तशीच उभी राहिली.

आता मूठ दिसत नव्हती. पण धाकटीचा उजवा हात फाईलला बांधला गेला होता, आणि त्याचा अर्थ त्या हॉलमध्ये बहुधा दोघींनाच कळत होता. थोरली एकेकाचे हात बघू लागली. कुणाचे खिशात, कुणाचे पिशवीत. एवढ्यात मधल्या ओळीतला एक माणूस उठला आणि झपाझप स्टेजकडे चालत गेला. चालता चालता त्याने हात कोटाच्या आत घातला. फाईल जमिनीवर आपटली. धाकटीचा हात कमरेशी पोचला होता, पण उशिराने. एक जाड फाईल सुटून खाली पडायला जितका वेळ लागतो तितक्या उशिराने. माणसाने आतून मोबाईल काढला आणि स्टेजवरच्या आपल्या लेकीचा फोटो घेतला.

बाकी काही झालं नाही. थोरली मात्र कार्यक्रम संपल्यावर हॉल रिकामा होईपर्यंत खुर्चीतच बसून राहिली.

चार दिवसांनी दुपारी धाकटी आली. कोट घडी घालून पिशवीत आणला होता. कॉलेजकडून तक्रार गेली होती. तिला संरक्षणाच्या कामावरून काढून कोर्टाच्या फाटकावर नेमलं होतं, गणवेशात, येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायला. कोट कुठला म्हणून साहेबांनी खोदून विचारलं, तेव्हा तिने रेडिमेड घेतला असं सांगितलं होतं.

"बहिणीने शिवला असं का नाही सांगितलंस?" थोरली म्हणाली. "लाज वाटते?"

धाकटीने दाराकडे बघितलं. "ताई, घरच्यांचं नाव कुणापुढे काढायचं नाही असा नियम आहे. मॅडमना पत्रं पाठवणारे उद्या माझ्या मागावर इथं आले तर? तुम्ही दोघी दिवसभर दार सताड उघडं टाकून बसता."

थोरलीने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. चाक आधीपासून थांबलेलंच होतं.

"बकरम मी मुद्दाम लावलं नाही," ती म्हणाली.

आतल्या खोलीत आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. धाकटीने मधलं दार लोटून घेतलं.

"मला त्या दिवशी सकाळीच आरशात दिसलं होतं," धाकटी म्हणाली. "उमटतंय ते. तरी घातला. म्हटलं, एक दिवस. ती चूक माझी, ती मी साहेबांपुढे कबूल केली." तिने पिशवीतल्या कोटाची घडी सारखी केली. "पण मला वाटलं होतं, तू माझा हट्ट पुरवलास."

"तसं नव्हतं."

"कधीपासून आहे हे तुझ्या मनात?"

"माझी उंची मोजली तेव्हापासून."

धाकटीने मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगितला आणि तो तिला सापडला. कोटाची पिशवी टेबलावर ठेवून ती आत आईला भेटली आणि निघून गेली. त्यानंतर ती आईला फोन करायची, आईच्या फोनवरच. गणवेश खात्याकडून मिळतो. तिला शिवून घ्यायचं काही उरलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी एका सकाळी रुंद खांद्यांची एक अनोळखी बाई दारात उभी राहिली. हातात कापड होतं. ती आता न्यायाधीशबाईंच्या संरक्षणाला होती आणि तिच्यासाठी शिवलेले दोन कोट वाया गेले होते. कोर्टाच्या फाटकावर एकीने तिला चिठ्ठी दिली होती. थोरलीने घडी उघडली. वर या घराचा पत्ता होता, धाकटीच्या अक्षरात. खाली एवढंच, "डावखुरी आहे. नीट बघ."

थोरलीने चिठ्ठी दोनदा वाचली आणि बाईला आत घेऊन दार लावलं.

सगळंच उलटं करायचं होतं. जुने कागदी आकार कामाचे नव्हते. तिने वर्तमानपत्रावर नवे आकार कापले, दोनदा चुकले, पुन्हा कापले. चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. आईने विचारलं, कुणाचं एवढं अर्जंट? थोरली म्हणाली, एका गिऱ्हाइकाचं.

पाचव्या दिवशी तिने त्या बाईला कोट घालून वाकायला लावलं, बसायला लावलं, स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला लावलं. मागून बघितलं, खिडकीचा उजेड एका बाजूने घेऊन बघितलं. काहीच दिसत नव्हतं.

"हे कुणाकडून शिकलात?" बाईने विचारलं.

"बहिणीकडून."

निघताना बाई म्हणाली, फाटकावरून रोज जाते, त्यांना काही निरोप द्यायचा आहे का.

थोरलीने तिच्या खांद्यावरचा एक धागा उचलून टाकला. "निरोप कशाला. कोट बघतील त्या."

बाई रस्त्याला लागली. थोरली दारात उभी राहून तिच्या डाव्या कमरेकडे बघत होती. ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी होती. समोरून येणाऱ्या कुणीही त्या बाईकडे वळून बघितलं नाही, आणि चौकापर्यंत जाता जाता, एवढ्या लोकांत ती नेमकी कोणती, हे थोरलीलाही सांगता येईना.