पंखा थांबेपर्यंत

“ओव्हन मी लावला नव्हता,” निरीक्षक म्हणाले. हे वाक्य सकाळपासून कितव्यांदा उच्चारले गेले, याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती. त्यांच्या बाबतीत ही गोष्ट दखल घेण्याजोगी होती.

“मग काय भुतानं लावला?” मुलगी म्हणाली. “मी आले तेव्हा रिकामा ओव्हन तापत होता, आणि तुम्ही गॅलरीत पेपर वाचत होतात. मागच्या खेपेलाही हेच.”

“यंत्रात दोष आहे.”

“यंत्राला बोटं असतात का, बाबा?”

ओव्हनपुढे गुडघे टेकून बसलेल्या मेकॅनिक बाईने मान वर केली नाही. दुरुस्तीआधी खटला चालतो, हे तिच्या अंगवळणी पडले होते.

“ताई, मी प्लग काढतेय. तुमचं चालू द्या, माझी काही अडचण नाही.”

निरीक्षकांची सारी नोकरी दुकानांतले तराजू आणि मापे तपासण्यात गेली होती. कचेरीत त्यांना काटेसाहेब म्हणत. आडनाव वेगळेच होते. पारडे खोटे झुकले, तर दोष दांडीचा की दुकानदाराच्या अंगठ्याचा, हे ठरल्याशिवाय त्यांनी कधी शेरा मारला नाही. आता शेरा त्यांच्यावरच बसायच्या बेतात होता. दाराशी त्यांच्या कपड्यांची बॅग भरून ठेवलेली होती. ओव्हन निर्दोष निघाला, तर विसर निरीक्षकांना पडतो असे धरायचे. मग हे घर बंद करून त्यांनी मुलीकडे जायचे आणि तिथेही त्यांना एकटे सोडायचे नाही, असे ठरले होते. म्हणजे मुलीने ठरवले होते. ती दुष्ट नव्हती. तिला आगीची भीती वाटत होती, आणि ती भीती वाजवी होती.

बाईने वरचे झाकण उतरवले. दर्शनी पट्टीमागे कंट्रोल बोर्ड होता. बॅटरीचा झोत एका कोपऱ्यावर स्थिरावला.

“काका, हे बघा.”

जोडणीच्या पिनांवर पांढरट हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती.

“ओल पोचलीय इथपर्यंत. वाफ वर चढते, बोर्ड गार असतो, त्यावर दव धरतं. मग शेजारच्या दोन तांब्याच्या रेघांमधून करंट झिरपतो आणि बोर्डाला वाटतं, कोणीतरी बटण दाबलं.”

“म्हणजे बाबांनी नाही लावला?” मुलीच्या आवाजात आशा होती, हे नोंदवले पाहिजे.

“तसं मी म्हटलं नाही, ताई. हा डाग जुनाही असेल. डाग आहे म्हणून आजची चूक त्याचीच, असं होत नाही.”

निरीक्षकांनी बाईकडे प्रथमच नीट पाहिले. “बरोबर. दोष पुन्हा घडवून दाखवा. तोवर मीही मान्य करणार नाही.”

“तुमच्याच बाजूनं बोलतायत त्या!” मुलगी म्हणाली.

“बाजू नंतर. आधी तपासणी.”

बाईने ओव्हनच्या दाराचे रबर बोटाने चाचपले. ते धड होते. प्लग पुन्हा जोडून आणि ओव्हनच्या वाफेच्या टाकीत पाणी भरून तिने तो वाफेवर चालवला. वेळ संपल्याची घंटी झाली आणि आतला पंखा घोंघावू लागला. उरलेली दमट हवा बाहेर लोटणे हे त्याचे काम होते. ते उरकून तो आपोआप थांबला. तिघे वाट पाहत बसले. काहीही घडले नाही. मुलीची नजर बॅगेकडे गेली. निरीक्षकांनी ती जाताना पाहिली.

“आता तुम्ही करा,” बाई म्हणाली. “रोज करता तसंच. मी इथं नाहीच असं समजा.”

निरीक्षकांनी गाजराच्या चकत्या ताटलीत मांडून आत ठेवल्या. घंटी झाल्यावर त्यांनी ताटली बाहेर काढली, दार लावले. पंखा सुरू झाला आणि त्याच क्षणी त्यांचा डावा हात भिंतीवरच्या स्विचकडे गेला. पंखा थांबला. घर शांत झाले. निरीक्षक मान किंचित कलती करून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी स्विच पुन्हा चालू केला आणि शून्यावर आलेले ओव्हनचे घड्याळ मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम लावले. पंखा मात्र पुन्हा फिरला नाही. वीज एकदा तुटली की अर्धे राहिलेले काम त्याच्या स्मरणात राहत नाही.

मुलीने एक चकती तोंडात टाकली. “मीठ नाही यात.”

“तुझ्या आईला चालत नव्हतं.”

बाई घड्याळाकडे न पाहता ओव्हनकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने पट्टी उजळली, एक बारीक टिक झाली आणि रिकामा ओव्हन तापू लागला. तिघांपैकी कोणीही हातभर अंतरात नव्हते.

“सापडला,” निरीक्षक म्हणाले.

मुलगी खुर्चीवर बसली. “चुकलं माझं, बाबा.”

“चुकलं कसलं? शंका आली, तू मेकॅनिक बोलावलास. मीही तेच केलं असतं.”

बाईने प्लग ओढला. “पण काका, पंखा मध्येच बंद का करता? ती सगळी वाफ आतच कोंडते, आणि मग चढते बोर्डावर. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय.”

“वाचलंय मी.”

“मग?”

“फार घोंघावतो. आतून हाक मारली, तर ऐकू येत नाही.”

आतल्या खोलीचे दार उघडे होते. पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. ती गुंडाळल्याला वर्ष होऊन गेले होते. ओव्हनही त्या पलंगासाठीच आला होता. शेवटी शेवटी तिथे मऊ, वाफवलेले तेवढेच गिळले जाई.

“बाबा,” मुलगी सावकाश म्हणाली, “आई आता…”

“मला माहीत आहे. ती हाक मारते असं कुठं म्हटलं मी? पंख्यात ऐकू येत नाही, एवढंच म्हटलं.”

मुलीने बाईकडे पाहिले. “मग दोष कोणाचा धरायचा?”

“ओव्हन आपोआप लागला. मी पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. त्यापुढचं माझ्या मीटरवर येत नाही, ताई.”

तिने स्पिरिट लावून ब्रशने पिना स्वच्छ केल्या, कोमट हवेने बोर्ड वाळवला, मीटर लावून खात्री केली आणि झाकण बसवले. “काका, पंखा आपला आपण थांबेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. पुन्हा ओल गेली, तर बोर्डच बदलावा लागेल.”

“लक्षात ठेवीन,” निरीक्षक म्हणाले. या शब्दांवर मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि नजर वळवली.

बाई गेल्यावर मुलीही निघाली. बॅग तिने रिकामी केली नाही. उचलून कपाटावर ठेवली.

“राहू दे तिथं सध्या,” ती म्हणाली.

“राहू दे,” निरीक्षक म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी उरलेले गाजर वाफवले. घंटी झाली, पंखा घोंघावू लागला. डावा हात उठला, स्विचपाशी थबकला आणि खाली आला. निरीक्षकांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि पलंगाकडे कान करून तिच्यावर बसले. पंखा बराच वेळ चालला. मग आपोआप थांबला.

ते आणखी थोडा वेळ बसून राहिले. मग उठून त्यांनी ओव्हनचे घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. दोन्ही जुळत होती. लावण्यासारखे काही नव्हते.